डोळ्याच्या खोबणीचं फ्रॅक्चर आणि पुण्यात झालेलं ऑपरेशन: सविस्तर रिव्ह्यू

आधी हे सांगते की हा रिव्ह्यू कुणासाठी आहे. बॉल लागून, गाडीवरून पडून किंवा कुणाचं कोपर लागून डोळ्याखालचं हाड मोडलंय, रिपोर्टवर 'ऑर्बिटल फ्लोअर फ्रॅक्चर' नाहीतर 'ब्लोआउट फ्रॅक्चर' असं लिहून आलंय आणि घरात सगळे घाबरून बसलेत की आता डोळा जाणार का, त्यांच्यासाठी. माझ्या धाकट्या भावाचं हे ऑपरेशन पुण्यातच झालं. हॉस्पिटलचं नाव इथे लिहीत नाहीये, कारण खाली काही तक्रारी पण आहेत आणि मला कुणाची बदनामी करायची नाही. पण त्या टीमने नक्की काय काय केलं ते सगळं लिहिते, म्हणजे तुम्ही कोथरूडला जा नाहीतर हडपसरला जा, तिथे हे होतंय का ते बघता येईल.

माझं मत आधीच सांगून टाकते. या ऑपरेशनमधे मोडलेल्या तळाच्या जागी जी जाळी बसवतात ती कुठल्या कंपनीची आणि कितीची यावर लोक खूप डोकं लावतात, आम्हीपण लावलं, पण खरा फरक पडतो तो ऑपरेशनच्या आधी मापं कोण नीट घेतं, कधी थांबायचं आणि कधी अजिबात थांबायचं नाही हे कोण स्पष्ट सांगतं, आणि ऑपरेशन झाल्यावर रात्रभर नजर कोण तपासतं याने. आमच्या टीमने या तिन्ही गोष्टी केल्या म्हणून मी एवढं लिहायला बसलेय.

तर झालं असं की भाऊ सिंहगड रोडला टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळत होता, हार्ड टेनिस बॉल, हा बॉलिंग टाकून पुढे आला आणि समोरच्याने सरळ फटका मारला तो थेट डाव्या डोळ्यावर. बेशुद्ध वगैरे नाही पडला, रक्तपण फार नाही, नाकातून थोडं आलं. मित्रांनी बर्फ लावला आणि जवळच्या एका हॉस्पिटलमधे नेलं. तिथे एक्स-रे काढला, म्हणाले फ्रॅक्चर दिसत नाही, सूज आहे, गोळ्या घ्या. घरी आला आणि नाक भरल्यासारखं वाटतंय म्हणून जोरात नाक शिंकरलं तर एका मिनिटात डोळा फुग्यासारखा टम्म, पापणीच उघडेना, आणि हात लावला की कातडीखाली करकर आवाज. आईने तर देवच पाण्यात ठेवले. नंतर कळलं की डोळ्याच्या खोबणीच्या खाली गालाच्या हाडात जी पोकळी असते, मॅक्झिलरी सायनस म्हणतात, तिच्यातली हवा मोडलेल्या हाडातून वर डोळ्याच्या भोवती घुसली होती. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा, डोळ्याला मार लागला असेल तर नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, नाक दाबून शिंक अडवायची नाही. हे त्या पहिल्या हॉस्पिटलमधे कुणीतरी सांगायला हवं होतं, एका वाक्याचं काम होतं, आणि मला त्याचा राग अजून आहे.

दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या नेत्रतज्ज्ञांनी टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले एक्स-रेवर जाऊ नका, हे फ्रॅक्चर साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, सीटी स्कॅन करा, चेहऱ्याचा, बारीक काप घेऊन, आणि 'कोरोनल' काप पण हवेत असं लिहून दिलं. कोरोनल म्हणजे समोरून पाहिल्यासारखे उभे काप, त्यात खोबणीचा तळ आणि खालचा सायनस एकाच चित्रात दिसतो. रिपोर्ट आला, तळाचं हाड मोडून खाली लोंबतंय आणि डोळ्याभोवतीची चरबी त्या भगदाडातून सायनसमधे उतरलीय.

इथून पुढे आम्ही दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या ठिकाणी (हेही नाव नाही लिहीत) डॉक्टर भेटायच्या आधी काउन्सेलर भेटले आणि म्हणाले आजच अ‍ॅडमिट करा, नाहीतर डोळ्याची गॅरंटी नाही, पॅकेज हे हे आहे. डोळ्याची हालचाल बघितली नाही, नजर तपासली नाही, सीटीची सीडी उघडलीसुद्धा नाही. दुसऱ्या ठिकाणी, जिथे शेवटी ऑपरेशन झालं, तिथल्या मॅडम ऑक्युलोप्लास्टी सर्जन, म्हणजे डोळ्याच्या भोवतालची सर्जरी करणाऱ्या, त्यांनी आधी भरपूर वेळ फक्त तपासलं. आणि तपासून झाल्यावर म्हणाल्या, "आज काही करायचं नाही. सूज उतरू दे, मग परत मोजू."

हे ऐकून आम्ही सगळेच गोंधळलो, हाड मोडलंय आणि ह्या म्हणतायत थांबा. तर त्यांनी जे समजावलं ते मी जसं कळलं तसं लिहिते, कारण हे समजलं की निम्मी भीती जाते.

डोळ्याची खोबण सात हाडांची मिळून बनलेली असते. पुढची कडा जाड आणि मजबूत, पण आतला तळ आणि नाकाकडची भिंत अगदी पातळ, तळाचं हाड काही जागी अर्धा मिलीमीटरच्या आसपास, मॅडमचा शब्द पापडासारखं. खोबणीच्या तोंडापेक्षा मोठी वस्तू, म्हणजे टेनिस बॉल, मूठ, असं काही आदळलं की डोळा मागे दाबला जातो, आत दाब वाढतो आणि सगळ्यात कमकुवत भाग म्हणजे तळ फुटतो. काहींचं म्हणणं दाबापेक्षा कडेवर बसलेला धक्काच मागे जाऊन तळ वाकवतो आणि मोडतो, खऱ्या अपघातात दोन्ही होत असणार. १९५७ मधे अमेरिकेत स्मिथ आणि रीगन या दोन डॉक्टरांनी मृतदेहाच्या बंद डोळ्यावर हर्लिंगचा (हॉकीसारखा एक आयरिश खेळ) बॉल ठेवून त्यावर हातोडा मारून हे दाखवलं होतं, डोळ्याचा गोळा शाबूत राहिला आणि खालचा तळ फुटला, आणि 'ब्लोआउट' हे नाव तिथून रूढ झालं. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा भावाला जरा बरं वाटलं, कारण त्याचा अर्थ असा की तळ फुटला म्हणून डोळ्यावरचा दाब सुटला आणि डोळा वाचायला मदतच झाली. छोटी वस्तू, जसा स्क्वॉशचा बॉल, थेट खोबणीत घुसून डोळ्यालाच जास्त इजा करू शकते. अर्थात मोठ्या बॉलने डोळ्याला काहीच होत नाही असं नाही, म्हणून त्यांनी पडदा, प्रेशर, बुबुळाच्या पुढे रक्त साठलंय का, हे सगळं आधी बघितलं. हाडाचं नंतर, डोळा आधी. हा क्रम मला फार आवडला.

आता ऑपरेशन लागतं कधी. सगळ्यांना लागत नाही हे मला माहीतच नव्हतं. फ्रॅक्चर छोटं असेल, डोळा सगळीकडे फिरत असेल आणि दोन-दोन दिसणं सूज उतरताना कमी होत असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. तीन गोष्टी बघतात. एक, दोन-दोन दिसणं, विशेषतः समोर आणि खाली बघताना, ते कमी होतंय का नाही. दोन, डोळा आत खचतोय का, साधारण २ मिलीमीटरपेक्षा जास्त खचला तर बघणाऱ्यालाही फरक कळतो. तीन, तळाचा किती भाग गेलाय, निम्म्याच्या वर असेल तर आज दिसत नसलं तरी सूज उतरल्यावर डोळा खचायची शक्यता जास्त. पूर्ण खोबण साधारण ३० मिलीलिटरची आणि डोळ्याचा गोळा ७ मिलीलिटरच्या आसपास, त्यामुळे खाली थोडी जागा वाढली तरी डोळा मागे बसतो. पण पहिल्या दिवसांत सूज असते, ती डोळ्याला पुढे ढकलून ठेवते, म्हणून तेव्हा मोजलेलं माप फसवं असतं. मोठ्या माणसात स्नायू घट्ट अडकलेला नसेल तर साधारण दोन आठवड्यांच्या आत निर्णय घेतात, फार उशीर झाला की आतलं सगळं चिकटतं आणि मग काम अवघड होतं. म्हणजे 'आजच करा' पण नाही आणि 'बघू दिवाळीनंतर' पण नाही.

पण लहान मुलांचं पूर्ण वेगळं आहे आणि हा भाग प्लीज नीट वाचा, ज्यांच्या घरात मुलं आहेत त्यांनी तर नक्कीच. मुलांची हाडं लवचिक असतात, ती फुटून लोंबत नाहीत, फटीसारखी उघडतात आणि परत मिटतात, आणि मिटताना डोळ्याचा खालचा स्नायू त्यात चिमटून बसतो. बाहेरून डोळा पांढरास्वच्छ, ना काळंनिळं ना सूज, पण मुलाला वर बघता येत नाही, प्रयत्न केला की दुखतं, उलट्या होतात, गळून जातं, कधीकधी नाडी मंदावते. घरच्यांना वाटतं डोक्याला लागलंय, डोक्याचा स्कॅन नॉर्मल येतो आणि मूल घरी येतं. इकडे चिमटलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा बंद पडत असतो. अशा केसमधे थांबायचं नसतं, २४ ते ४८ तासांच्या आत तो स्नायू सोडवायला लागतो, नाहीतर डोळा कायमचा नीट फिरत नाही. मॅडमनी हे आम्हाला सांगायची काही गरज नव्हती, भाऊ चांगला मोठा आहे, पण सोबत माझा मुलगा होता त्याच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "ताई, सोसायटीतल्या सगळ्या आयांना सांगा, चेहऱ्यावर पडल्यावर उलट्या करणाऱ्या मुलाला आधी वर बघायला लावा." म्हणून इथे लिहितेय.

तर परत भावाकडे. सूज उतरल्यावर परत बोलावलं. हर्टल नावाचं एक मोजायचं साधन असतं, चष्म्यासारखं दोन्ही कडांना टेकवतात आणि दोन्ही डोळे किती पुढे आहेत ते मिलीमीटरमधे वाचतात. डावा डोळा आत जायला लागला होता. मग लाल-हिरवा चष्मा घालून हेस चार्ट, त्यात कुठला डोळा कुठल्या दिशेला कमी जातो त्याचा नकाशा निघतो, वर बघताना डावा कमी पडत होता. सीटीवर तळाचा निम्म्यापेक्षा जास्त भाग गेलेला आणि तोही मागच्या बाजूला. सगळे आकडे त्यांनी आमच्यासमोर फाइलवर लिहिले आणि तेव्हा म्हणाल्या आता ऑपरेशन करावं असं माझं मत आहे. कुठे भीती घातली नाही. धोके पण स्वतःहून सांगितले, दोन-दोन दिसणं काही काळ राहू शकतं किंवा थोडं कायम राहू शकतं, खालची पापणी ओढली जाऊ शकते, जाळीला इन्फेक्शन होऊ शकतं, आणि क्वचित पण सगळ्यात गंभीर म्हणजे डोळ्यामागे रक्तस्राव होऊन नजर जाऊ शकते. आई हे ऐकून रडायला लागली. मॅडम पाच मिनिटं नुसत्या तिच्याशी बोलत बसल्या. संमतीपत्रपण मराठीत होतं, हे छोटं वाटेल पण आई-बाबांना वाचून सही करता आली.

टीममधे मॅडमबरोबर एक मॅक्झिलोफेशियल सर्जन होते. इथे आईचा मोठा प्रश्न, "अगं, हे दातांचे डॉक्टर ना, डोळ्यापाशी कशाला?" बऱ्याच जणांना हाच प्रश्न पडेल म्हणून सांगते, मॅक्झिलोफेशियल वाले डेंटलमधून एमडीएस करून येतात, पण जबडा, गाल, खोबण ही चेहऱ्याची हाडं जोडणं हेच त्यांचं रोजचं काम. हे ऑपरेशन ऑक्युलोप्लास्टी, मॅक्झिलोफेशियल, प्लास्टिक सर्जन, काही ठिकाणी ईएनटी असे सगळे करतात. डिग्री कुठली यापेक्षा अशी ऑपरेशनं ते नेहमी करतात का आणि आधी-नंतर डोळ्याची पूर्ण तपासणी करणारं कुणी सोबत आहे का, हे विचारा. आम्ही स्पष्ट विचारलं, त्यांनी स्पष्ट सांगितलं, कुणाला राग वगैरे आला नाही.

जाळीबद्दल. पर्याय बरेच असतात, टायटॅनियमची साधी जाळी जी ऑपरेशन करताना कापून वाकवतात, आधीच खोबणीच्या आकारात बनवलेली टायटॅनियम जाळी, सच्छिद्र पॉलिइथिलीनची शीट जिच्यात शरीराचे टिश्यू वाढतात, काही ठिकाणी विरघळणारी शीट, आणि पेशंटच्या सीटीवरून खास त्याच्यासाठी बनवलेली, थ्रीडी प्रिंटिंगवाली. जुन्या पद्धतीत पेशंटचंच हाड किंवा कूर्चा काढून वापरायचे, अजूनही वापरतात. आधीच आकार दिलेली साध्या जाळीपेक्षा महाग आणि खास बनवलेली सगळ्यात महाग. माझ्या मनात होतं की महाग ती चांगली, आपण भावासाठी बेस्ट घेऊ. मॅक्झिलोफेशियल सर म्हणाले भगदाड मोठं आहे आणि मागे आहे, जाळीची मागची कड मागच्या शाबूत हाडाच्या कंगोऱ्यावर टेकली पाहिजे, ती टेकली नाही आणि जाळी सायनसमधे कलली तर लाखाची जाळी असून डोळा आतच राहणार, आणि फार मागे सरकवली तर तिथे डोळ्याची नस आहे. खोबण साधारण चार-साडेचार सेंटिमीटर खोल, त्यामुळे हा सगळा खेळ मिलीमीटरचा. याच्यासाठी आधीच आकार दिलेली पुरेल, खास बनवलेलीची गरज नाही, पैसे वाचवा, असं त्यांनीच सांगितलं. हॉस्पिटलमधे कुणी पैसे वाचवा म्हणतं याचं मला फार अप्रूप वाटलं.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन. चेहऱ्यावर बाहेरून कुठेही टाके नाहीत, खालच्या पापणीच्या आतल्या गुलाबी बाजूने गेले. आधी आत शिरायच्या अगोदर चिमट्याने डोळा हलवून बघतात अडकलाय का, मग सायनसमधे उतरलेली चरबी हळूहळू वर घेतात, जाळी बसवतात, छोट्या स्क्रूने धरतात आणि शेवटी परत तसाच डोळा सगळीकडे हलवून बघतात की जाळीखाली काही चिमटलं नाही ना. हे सगळं सरांनी ऑपरेशननंतर बाहेर येऊन कागदावर चित्र काढून सांगितलं. बाबांनी तो कागद ठेवून घेतलाय.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी या टीमला सगळ्यात जास्त मार्क देईन ती, ऑपरेशनची रात्र. डोळ्यावर घट्ट पट्टी बांधली नव्हती. मला वाटलं विसरले, नर्सला विचारलं तर ती म्हणाली, "मॅडम, पट्टी बांधली तर आम्ही नजर कशी तपासणार." आणि खरंच, थोड्या थोड्या वेळाने ती यायची, उठवायची, टॉर्च मारून बाहुली बघायची, किती बोटं, दिसतंय का, दुखतंय का, डोळा पुढे आल्यासारखा वाटतोय का, सगळं कागदावर लिहायची. भाऊ वैतागला होता, झोपू द्या म्हणून, ती शांतपणे सॉरी दादा म्हणायची आणि परत टॉर्च मारायची. डोळ्यामागे रक्त साठायला लागलं तर नजर वाचवायला हातात फार थोडा वेळ असतो, तेव्हाच्या तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्याला छेद देऊन दाब सोडवावा लागतो, आणि ते कळायचा मार्ग एकच, कुणीतरी सतत विचारत राहणं. वार्डातली ती ताई बहुतेक पंचविशीचीपण नसेल. तिचं नाव इथे लिहिता येत नाही पण हॉस्पिटलच्या फीडबॅक फॉर्मवर मी पूर्ण नावानिशी लिहून आलेय. तुम्ही कुठेही ऑपरेशन करा, आधीच विचारा की रात्री नजर कोण तपासणार आणि ड्युटी डॉक्टर ती इमर्जन्सी हाताळू शकतात का.

नंतरचं थोडक्यात. दोन उशा घेऊन डोकं वर ठेवून झोपायचं, थंड शेक, नाक शिंकरायचं नाही, वाकून जड उचलायचं नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत विमान नाही, सिगरेट अजिबात नाही. पुण्यात खोदलेले रस्ते आणि धूळ, त्यात भावाला सर्दीची अ‍ॅलर्जी, त्यामुळे शिंकांचंच सगळ्यात टेन्शन होतं, मॅडमनी अ‍ॅलर्जीची गोळी आधीच सुरू केली. डोळा वर-खाली-डावीकडे-उजवीकडे फिरवायचा व्यायाम दिला. आणि हे नक्की लक्षात ठेवा, ऑपरेशननंतर सुरुवातीला दोन-दोन दिसणं आधीपेक्षा वाढू शकतं, आमचं वाढलं, घरात परत रडारड, पण ते सुजेमुळे होतं आणि हळूहळू उतरलं. आता समोर आणि खाली एकच दिसतं, एकदम टोकाला वर बघितलं की थोडं दोन होतं. दोन दिसत असेपर्यंत टू-व्हीलर बंद, हे मॅडमनी अगदी दरडावून सांगितलं. जिने उतरताना पण कुणीतरी सोबत ठेवा, खाली बघतानाच पायरी दोन दिसते.

गाल, वरचा ओठ आणि वरच्या दातांची हिरडी बधिर, हे मात्र अजून आहे. या भागाला स्पर्श कळवणारी नस खोबणीच्या तळातूनच जाते त्यामुळे मार लागल्यापासूनच होतं, ऑपरेशनने आलेलं नाही. परत यायला महिने लागतात आणि काहींना थोडं राहतंही. भावाला दाढी करताना कळत नाही आणि चहा ओठाला लागला तर गरम कळत नाही, त्यामुळे चहा जरा थांबून प्यायला सांगतो आम्ही.

आता तक्रारी. ओपीडीत अपॉइंटमेंट असूनही तास-दीड तास बसायला लागतं, दोन-दोन दिसणाऱ्या, चक्कर येणाऱ्या पेशंटला ते फार जड जातं, निदान आडवं व्हायला एक बेड असावा. पार्किंग नाहीच, रिक्षाने जा. बिलिंगला मात्र मी खरंच वैतागले. आमची पॉलिसी चांगली, अपघाताला सुरुवातीचा ३० दिवसांचा वेटिंग पीरियड लागत नाही त्यामुळे तो प्रश्न नव्हता, पण डिस्चार्ज सकाळी लिहिला आणि घरी निघालो रात्री. २०२४ पासून विमा नियामकाचा नियम आहे की डिस्चार्जची रिक्वेस्ट आल्यापासून कंपनीने ३ तासांत अंतिम मंजुरी द्यायची. टीपीए डेस्क (हॉस्पिटलमधलं विम्याचे क्लेम बघणारं टेबल) म्हणे कंपनीकडे पेंडिंग, कंपनीचा फोन म्हणे हॉस्पिटलने कागद उशिरा पाठवले, आणि पेशंट डोकं वर करून खुर्चीत बसलेला. हे कुणाचंही असो, पेशंटला घरी सोडून नंतर भांडा ना.

रूम घेताना पण बघा. पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा असेल आणि तुम्ही वरची रूम घेतलीत तर डॉक्टरांची फी, ओटी चार्जेस वगैरे सगळं त्या प्रमाणात कापतात. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटवर ती प्रमाणात कपात लागू करता येत नाही, बिल तपासताना जाळीची रक्कम कापली असेल तर विचारा. ५००० रुपयांच्या वर रोजचं भाडं असेल तर त्यावर ५ टक्के जीएसटी पण लागतो, आयसीयू सोडून. आमचं सगळं मिळून बिल दीड ते दोन लाखांच्या मधे गेलं, त्यात मोठा वाटा जाळीचा, आणि ग्लोव्ह्ज-सिरिंज वगैरेचे पैसे खिशातून.

ज्यांची पॉलिसी नाही त्यांनी घाबरून कर्ज काढायच्या आधी ससूनला, म्हणजे पुण्याच्या सरकारी हॉस्पिटलला, एकदा दाखवा, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलमधे आरोग्यमित्राचं टेबल असतं तिथे रेशनकार्ड-आधार घेऊन हे ऑपरेशन बसतंय का विचारा, योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. डेंटल कॉलेजांच्या मॅक्झिलोफेशियल विभागातसुद्धा चेहऱ्याची फ्रॅक्चर बघतात, पुण्यात अशी कॉलेजं बरीच आहेत.

कागदांचं अजून एक. सीटीचा नुसता रिपोर्ट नको, सीडी किंवा लिंक मागून घ्या, सर्जन रिपोर्ट वाचत नाहीत, चित्रं बघतात. जाळीच्या पाकिटावरचा स्टिकर, ज्यावर कंपनी आणि बॅच नंबर असतो, त्याची प्रत डिस्चार्ज फाइलमधे लावून घ्या. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर टायटॅनियमला सहसा अडचण नसते, पण तिथल्या टेक्निशियनला तो स्टिकर दाखवता येतो. रोड अ‍ॅक्सिडेंट असेल तर एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद) झालीय का बघा, क्लेमला लागते. आणि गाडीवर अर्धं हेल्मेट घालून फिरणाऱ्यांनो, डोळ्याखालचं हे हाड त्या हेल्मेटच्या बाहेर असतं, फुल फेस घ्या.

भाऊ आता ऑफिसला जातो, स्क्रीनसमोर सलग बसलं की डोळा थकतो म्हणतो. पुढच्या भेटीत परत हेस चार्ट आणि हर्टल आहे. खेळायचं विचारलं तर सर म्हणाले चार्ट चांगला आला तर हळूहळू सुरू कर, पण बॅटिंग करताना जाळीचं हेल्मेट आणि टर्फवर बॉलिंग टाकताना पॉलिकार्बोनेटचा स्पोर्ट्स गॉगल. गॉगल घेतलाय आम्ही, त्याच्या सगळ्या टीमने ऑर्डर केलेत. कुणाला अजून काही विचारायचं असेल, रिपोर्टमधला एखादा शब्द कळत नसेल, तर खाली लिहा, मला माहीत असेल तेवढं नक्की सांगते, बाकी डॉक्टरांना विचारा.